आई पाहुणी नाही आणि मोलकरीणही नाही

मागच्या डिसेंबरात आम्ही पुण्यात एका लग्नाला गेलो होतो. जेवणाच्या रांगेत आई माझ्या पुढे उभी होती. तिच्या ओळखीच्या एक बाई आल्या, तिच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “मग, संपली का अमेरिकेतली ड्यूटी? की तिसऱ्याच्या वेळी परत बोलावणार?” मागच्या दोघी-तिघी हसल्या. आईही हसली. तिचं ते हसू मला ओळखीचं आहे. वाद नको असला की ती तशी हसते. मी मात्र गप्प राहिले, आणि घरी येईपर्यंत स्वतःवर चिडत राहिले.

हा एका बाईंचा शेरा असता तर विसरून गेले असते. पण हेच मी सोसायटीच्या कट्ट्यावर ऐकलं आहे, सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या गटात ऐकलं आहे, आमच्याच नात्यातल्या माणसांकडून ऐकलं आहे. आता ते मत राहिलेलं नाही, गृहीत धरलेलं सत्य झालं आहे. म्हणून आधी ते त्यांच्याच शब्दांत मांडते.

मुलं परदेशात जातात आणि बाळ होणार असलं की त्यांना आईबापांची आठवण येते. तिकिटं पाठवतात, सहा महिने राबवून घेतात. मुलगा-सून दिवसभर आपापल्या लॅपटॉपपुढे आणि म्हातारा-म्हातारी चार भिंतींत. ना शेजार, ना रिक्षा, ना दारावर भाजीवाला. घरात नियम त्यांचे : फोडणी जपून घाला, टीव्हीचा आवाज कमी करा, बाळाला असं धरू नका. सहा महिने भरले की विमानात बसवून परत. कायमचं घेऊन जायची तयारी मात्र कोणाचीच नसते. मग जावंच कशाला?

मी बारा वर्षं न्यू जर्सीत, एडिसनमध्ये राहते. औषधांच्या चाचण्यांची आकडेवारी तपासण्याचं काम करते. मला दोन मुलं आहेत. माझे आईबाबा आणि नवऱ्याचे आईवडील मिळून पाच वेळा आमच्या घरी राहून गेले आहेत. तेव्हा या आरोपांना उत्तर द्यायचा अधिकार मला आहे, आणि एकेका आरोपाला द्यायचा आहे.

पहिला आरोप फुकटच्या आयेचा.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली जुनी रीत. सातव्या महिन्यात लेक येते. बाळ होतं. सव्वा महिना तिची आई पहाटे उठून पाणी तापवते, बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालते, ओव्याची धुरी देते. लेकीसाठी डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, गरम भाकरी, शेपूची भाजी. रात्री बाळ रडलं की लेकीच्या आधी ती उठते. या आईला साताऱ्यात, नाशकात, रत्नागिरीत कधी कोणी मोलकरीण म्हटलं आहे का? लेकीने आईला राबवून घेतलं, असं म्हणायची कोणाची जीभ रेटते का? उलट ज्या आईला प्रकृतीमुळे लेकीचं बाळंतपण करता येत नाही, ती ती सल आयुष्यभर बाळगते.

मग तेच तेल, तीच धुरी, तीच खीर, त्याच आईचे तेच हात एडिसनमध्ये आले की ती आया कशी होते? एवढाच फरक पडला की लेक आईकडे गेली नाही, आई लेकीकडे आली. लेकीची नोकरी इथे, नवरा इथे, आणि अमेरिकेत आरोग्यविमा बहुतेकदा नोकरीशी बांधलेला, त्यामुळे दवाखानाही इथेच. तिला माहेरी जाता येईना, म्हणून माहेर विमानात बसून आलं.

आणि आईची गरज इथे जास्त का पडते, याचा विचार या टीकाकारांनी कधी केला आहे का? भारतात २०१७ च्या दुरुस्तीपासून कायद्याच्या कक्षेतल्या नोकरदार बाईला पहिल्या दोन बाळंतपणांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. अमेरिकेत १९९३ चा संघीय कायदा आहे. तो १२ आठवड्यांची रजा देतो, पण बिनपगारी, आणि तीही नोकरीला वर्ष झालेलं असलं आणि कंपनीत किमान ५० माणसं असली तर. आमच्या न्यू जर्सीसारख्या काही राज्यांनी आपापला कायदा करून पगाराचा काही भाग द्यायची सोय केली आहे. टेक्सासमधल्या माझ्या मैत्रिणीला राज्याकडून तेवढाही आधार नव्हता. टाके पुरते भरले नव्हते तेव्हा ती कामावर परतली. त्या दिवसांत तिच्या मांडीवरचं बाळ तिच्या आईने आपल्या मांडीवर घेतलं. याला शोषण म्हणायचं?

“पाळणाघराचे पैसे वाचतात की नाही?” असं यावर विचारतात. वाचतात. इथे तान्ह्या बाळाच्या पाळणाघराला महिन्याला हजार डॉलरांच्या बरेच वर पडतात, आणि आजी घरात असली की ते वाचतात. मी ते लपवणार नाही. पण हिंजवडीत नोकरी करणारं जोडपं कोथरूडच्या आजी-आजोबांकडे मूल सोडून जातं, तेव्हाही पैसे वाचतातच. तिथे आपण म्हणतो, बघा, नातवंडं आजीच्या संस्कारांत वाढतायत. एकाच गोष्टीला नदीच्या अलीकडे संस्कार आणि समुद्राच्या पलीकडे मजुरी म्हणायचं, याला न्याय म्हणत नाहीत.

आपल्या आईला खरोखर राबवून घेणारी मुलं असतात, हे मला माहीत आहे. ती जगात सगळीकडे असतात. आईच्या नावावरचा फ्लॅट लिहून घेणारी मुलं पुण्यातही आहेत. म्हणून पुण्यातल्या प्रत्येक मुलाकडे कोणी संशयाने बघत नाही.

दुसरा आरोप सोन्याच्या पिंजऱ्याचा.

इथले पहिले दोन-तीन आठवडे जड जातात, हे खरं आहे. पुण्यात रात्र असते तेव्हा इथे दिवस, त्यामुळे दुपारी फोन करावासा वाटला तरी करता येत नाही. हिवाळ्यात साडेचारलाच अंधारून येतं. पुष्कळ रस्त्यांना पदपथ नसतात आणि गाडी चालवता येत नसेल तर पाय बांधल्यासारखे होतात. हे सगळं आम्हालाही कळतं. म्हणूनच आमच्याकडची बहुतेक माणसं आईवडिलांना एप्रिल ते ऑक्टोबर बोलावतात.

पण “मुलं कामावर जातात आणि यांना एकटं टाकतात” या वाक्याचा अर्थ काय? तुमची आई गावाहून तुमच्याकडे पुण्याला दोन महिने राहायला येते, तेव्हा तुम्ही दोन महिने ऑफिसला जात नाही का? जाता. सकाळी डबा घेऊन जाता आणि संध्याकाळी येता. आम्हीही तेच करतो. अमेरिकेत पगारी सुट्टी द्यायलाच हवी असा कोणताही संघीय कायदा नाही. मालक देईल ती सुट्टी. वर्षाचे दहा-पंधरा दिवस मिळतात, त्यातले निम्मे मुलांच्या आजारपणात जातात. उरलेले आम्ही जपून ठेवतो, ते आईबाबांना नायगारा दाखवण्यासाठी. आम्ही सहा महिने घरी बसावं अशी अपेक्षा आमच्या आईवडिलांची कधीच नव्हती. ती कट्ट्यावरच्यांची आहे.

आणि या आरोपातली मला सर्वांत खटकणारी गोष्ट ही, की त्यात आईबाबांना स्वतःचं डोकं आहे, इच्छा आहे, हिंमत आहे, हे धरलेलंच नाही. माझे बाबा महिन्याभरात पापायानी पार्कातल्या तळ्याभोवती रोज सकाळी फिरायला लागले. तिथे त्यांना एक निवृत्त गुजराती शिक्षक भेटले आणि एक तेलुगू गृहस्थ. तिघांची हिंदी तीन तऱ्हांची, पण तास-दीड तास गप्पा चालत. सार्वजनिक वाचनालयाचं कार्ड माझ्याआधी त्यांनी काढलं. माझ्या मुलीला बाराखडी त्यांनी शिकवली. ती आज मराठी वाचते ती त्यांच्यामुळे, माझ्यामुळे नाही. मला वेळ मिळाला नसता, धीर तर अजिबात राहिला नसता.

आईची गोष्ट याहून मोठी आहे. ती पुण्यात कधी एकटी लोकलनेही गेली नव्हती. आधी सासूबाई, मग आम्ही, मग बाबांची पथ्यं. चौसष्टाव्या वर्षी तिने एका गुरुवारी मला सांगितलं, मी जर्सी सिटीला सुमनकडे जाऊन येते. सुमनमावशी तिची शाळेतली मैत्रीण, तीही मुलाकडे आलेली. मेट्रोपार्कला आगगाडी, नेवार्कला उतरून पाथची गाडी, जर्नल स्क्वेअरला उतरायचं. मी कागदावर लिहून दिलं. कागद पर्समध्येच राहिला. ती विचारत विचारत गेली आणि संध्याकाळी तशीच परत आली. त्यानंतर ती चार वेळा गेली. या बाईला तुम्ही पिंजऱ्यातली म्हणता? पिंजरा कुठे होता, हे तिला एकदा विचारून बघा. उत्तर कदाचित एडिसन नसेल.

तिसरा आरोप घरातल्या नियमांचा. मुलाच्या घरात आईवडिलांना परवानगी मागून राहावं लागतं, असं म्हणतात.

नियम आहेत, खरंच. गाडीत मुलाला त्याच्या वेगळ्या खुर्चीत पट्टा लावूनच बसवायचं, कितीही रडलं तरी मांडीवर घ्यायचं नाही. दुकानातून दोन मिनिटांत येते म्हणून मुलाला गाडीत एकटं ठेवायचं नाही. पहिल्या दोन गोष्टींत पोलीस येऊ शकतात आणि तिसरी फोडणीची : आधी पंखा लावायचा, नाहीतर धुराचा गजर वाजतो. पोरगी आईला शिकवते, हा अपमान कसा झाला? आई पहिल्यांदा सासरी गेली तेव्हा तिला आजीने विहिरीचा रहाट, चुलीची राख, देवघरातलं सोवळं शिकवलं. नव्या ठिकाणी गेलं की तिथल्या रीती कोणीतरी सांगाव्याच लागतात. माझी सासू मोठ्या मनाने त्या शिकली आणि आठवड्याने मलाच म्हणाली, “अगं, आधी पंखा लाव.”

वाद झालेच नाहीत असं नाही. बाळाला पालथं झोपवायचं की उताणं, यावर आईचं आणि माझं दोन दिवस बोलणं बंद होतं. इथले डॉक्टर उताणं सांगतात, आईने आम्हा तिघांना पालथं झोपवून वाढवलं. तिसऱ्या दिवशी तिने डॉक्टरांनाच विचारलं, मी दुभाषी झाले, आणि वाद मिटला. एका छपराखाली राहणाऱ्यांत भांडणं होतात. भांडणं पाहुण्यांशी होत नाहीत. आमची झाली, कारण आई पाहुणी नव्हती.

चौथा आरोप सर्वांत कडू : काम झालं की परत पाठवतात, कायमचं नेत नाहीत.

इथे मी विनंती करते की कायदा तरी समजून घ्या. आईबाबा येतात तो व्हिसा भेटीचा असतो. व्हिसाची मुदत सहसा दहा वर्षांची असली तरी दर वेळी विमानतळावरचा अधिकारी साधारणपणे सहा महिने राहायला देतो. मुदतवाढ न घेता त्यापुढे राहणं बेकायदा. मुंबईच्या वकिलातीत मुलाखतीला जाताना त्यांना उलट हेच पटवून द्यावं लागतं, की आम्ही नक्की परत येऊ. आमचं घर पुण्यात आहे, पेन्शन पुण्यात आहे. आणि कट्ट्यावर परतल्यावर त्यांना विचारलं जातं, परत का पाठवलं?

आईवडिलांना कायमचं बोलावण्याचा अर्ज फक्त अमेरिकेचा नागरिक असलेलं, एकवीस वर्षांवरचं मूल करू शकतं. ग्रीनकार्ड असलेल्यालाही तो हक्क नाही. आणि भारतात जन्मलेल्या नोकरदारांसाठी ग्रीनकार्डची रांग इतकी लांब आहे, की दहा-दहा वर्षं उलटतात. कारण एका देशात जन्मलेल्यांना वर्षाच्या अशा ग्रीनकार्डांपैकी साधारण सात टक्क्यांहून जास्त द्यायची नाहीत, असा इथला कायदा आहे. नागरिकत्व त्याच्याही पाच वर्षं पुढे. म्हणजे मुलाच्या हातात ती किल्ली येते तेव्हा आईवडील सत्तरीला टेकलेले असतात. तेव्हाही सरकारी आरोग्यविमा पैसे भरून घ्यायचा, तर पासष्ट वर्षं वय आणि पाच वर्षांचं सलग वास्तव्य लागतं. भेटीला आलेल्यांसाठी जो विमा मिळतो, त्यात आधीपासूनचा रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार बहुतेक वेळा धरलेलाच नसतो. बाबांच्या छातीत एका रात्री कळ आली, तेव्हा रुग्णवाहिका येईपर्यंतच्या दहा मिनिटांत मी जे भोगलं ते कोणाला भोगावं लागू नये. गॅस निघाला. पण त्या रात्री मला कळलं, की त्यांना इथे कायमचं ठेवणं हे प्रेमाचं माप नाही.

आता कॅनडा घ्या. तिथे आजी-आजोबांसाठी ‘सुपर व्हिसा’ आहे, आणि २०२२ पासून त्यावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं. जर्मनीत भेटीला आलेल्यांना १८० दिवसांतले ९० दिवसच मिळतात. मग काय म्हणायचं? आईवर सगळ्यांत जास्त प्रेम करणारी मुलं टोरांटोला गेली आणि सगळ्यांत कमी करणारी श्टुटगार्टला? जो निर्णय परराष्ट्राचा कायदा घेतो, त्यावरून मुलांच्या काळजाची परीक्षा करू नका.

आणि आईवडिलांचं मत कोणी विचारलं आहे का? बाबांना मी दोनदा विचारलं. ते म्हणाले, “माझा डॉक्टर इथे, माझा गट इथे, माझा गणपती इथे. मी येत जाईन, पण राहणार इथेच.” त्यांच्या त्या ‘इथेच’ला मान द्यायचा, की त्यांना उचलून न्यायचं? नेलं तर पिंजरा, नाही नेलं तर टाकून दिलं. आम्ही करायचं तरी काय?

या मतामागे एक जुनं चित्र आहे, हे मला कळतं. जयवंत दळवींच्या ‘संध्याछाया’ने अमेरिकेतल्या मुलाची वाट पाहणारं म्हातारं जोडपं रंगभूमीवर आणलं आणि ते मराठी मनात कायमचं राहिलं. तेव्हा ट्रंक कॉल लावून ताटकळावं लागे आणि विमानाचं तिकीट मध्यमवर्गाला परवडत नसे. ती वेदना खरी होती. पण ते चित्र हातात धरून आजच्या प्रत्येक घराचा निकाल लावणं हा आळस आहे. आज माझी आई मी भाजी चिरत असताना फोनवरून मला सांगते, मीठ आत्ता नको, नंतर घाल. ती वाट पाहत बसलेली नाही.

हे सगळं बोलणं निरुपद्रवी असतं तर मी हा लेख लिहिला नसता. ते निरुपद्रवी नाही. मी त्याची किंमत मोजली आहे.

माझा मुलगा २०२० च्या एप्रिलमध्ये होणार होता. आईबाबांनी मार्चच्या पहिल्या आठवड्यात यायचं ठरवलं होतं. बाबांनी तारीख पुढे ढकलली. मला सांगितलं, “पाडवा करून येतो.” पाडवा २५ मार्चला होता, तिकिटं २८ ची काढली. भारताने आंतरराष्ट्रीय विमानं २२ मार्चच्या रात्रीपासून थांबवली, आणि पाडव्याच्याच दिवशी देशभर टाळेबंदी सुरू झाली. मुलगा झाला तेव्हा घरात आम्ही दोघं आणि साडेतीन वर्षांची मुलगी. धुरी नाही, लाडू नाहीत, कोणाचा हात डोक्यावर नाही. पुढे विमानं सुरू झाली तेव्हा बाबांच्या वयाला प्रवासाची भीती होती, आणि २०२१ च्या मेपासून नोव्हेंबरपर्यंत अमेरिकेने भारतातून येणाऱ्या बहुतेकांना दार बंद ठेवलं. बाबांनी नातवाला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा तो दोन वर्षांचा होता आणि त्यांच्या हातांतून सुटून माझ्याकडे पळाला.

त्या रात्री बाबा बोलले. पाडवा हे निमित्त होतं. फिरायच्या गटात फेब्रुवारीभर थट्टा चालली होती : पुन्हा ड्यूटी लागली का, यंदा पगार वाढवून मागा. त्यांना वाटलं, लगेच पळत गेलो तर अगदीच गरजू दिसू, तीन आठवडे उशिरा गेलं तर काय बिघडतं. महामारीचा दोष मी कट्ट्याला देत नाही. पण ते तीन आठवडे कट्ट्याने घेतले, आणि त्या तीन आठवड्यांची दोन वर्षं झाली. नातवाकडे जायची ओढ असणं ही लाज वाटण्याची गोष्ट आहे, हे सत्तरीच्या माणसाला कोणी शिकवलं?

म्हणून माझी मागणी आहे. यापुढे कोणी परदेशातल्या मुलांकडून परत आलं की ‘ड्यूटी’ हा शब्द वापरू नका. विचारायचंच असेल तर विचारा, नातवाला काय शिकवलंत? एकट्या कुठे गेलात? कोण नवीन भेटलं? भांडणं कशावरून झाली आणि कशी मिटली? या प्रश्नांची उत्तरं द्यायला माझ्या आईला दुपार पुरणार नाही. आणि राग काढायचाच असेल तर बाळंतिणीला बिनपगारी रजा देणाऱ्या कायद्यावर काढा, मुलांना नागरिक होईपर्यंत वीस-वीस वर्षं थांबवणाऱ्या रांगेवर काढा, म्हाताऱ्या माणसाचा जुना आजार विम्यातून वगळणाऱ्या कंपन्यांवर काढा. तिथे तो योग्य आहे.

आईने आमच्या घरी काम केलं. पहाटे उठली, पाणी तापवलं, बाळाला पायावर घेतलं, रात्री माझ्याआधी जागी झाली. तिने ते केलं कारण आपल्या घरात माणूस काम करतो. नोकर पगारासाठी करतो, पाहुण्याला कोणी करू देत नाही. ती या दोन्हींपैकी कोणीही नव्हती. ती आपल्या घरी आली होती. ते घर एडिसनमध्ये आहे, एवढंच.